जवळची नोकरी

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

आमच्या घरात ‘सातबारा’ या शब्दाचा जमिनीशी काही संबंध नाही. कोकणातल्या आमच्या वाट्याच्या जमिनीचा उतारा कुठल्या पेटीत आहे हे बाबांनाही सांगता यायचे नाही. आमचा सातबारा म्हणजे अंबरनाथहून बाबा ज्या गाडीने मुंबईला जातात ती सात वाजून बारा मिनिटांची फास्ट गाडी. मधल्या काळात वेळापत्रके बदलली, गाडी दोन-तीन मिनिटे इकडे-तिकडे सरकली, तरी नाव तेच राहिले. साऱ्या घराचे घड्याळ त्या गाडीवर लावलेले मी लहानपणापासून पाहत आले आहे. साडेसहाला डबा भरलेला हवा, पावणेसातला शर्ट हाताशी हवा, सातला स्कूटर चालू व्हायला हवी. बाबा फोर्टमध्ये एका कचेरीत नोकरी करतात आणि घरी परततात तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. ‘त्यांना प्रवास फार’ असे आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, आणि ते खरेच आहे.

आई कल्याणला जाते. तिच्या गाडीला नाव नाही. मिळेल ती तिची. तिच्याबद्दल पाहुणे म्हणतात, “बरे झाले, वहिनींना जवळची नोकरी मिळाली.” मीही असेच म्हणत असे. हे वाक्य मी का म्हणेनाशी झाले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

गेल्या वर्षी भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी आम्हाला प्रत्येकी दोन व्यक्तींच्या आठवडाभराच्या प्रवासाचा नकाशा काढायचा होता. कोण किती वाजता कुठून निघाले, कुठे थांबले, कशाने गेले, एवढेच टिपायचे. वर्गातल्या इतरांनी शेजारीपाजारी, मावशी-काका असे लोक गाठले. मी आळस केला आणि घरातलीच दोन माणसे घेतली.

बाबांचा नकाशा पाच मिनिटांत झाला. घर, स्थानक, शिवाजी टर्मिनस, कचेरी आणि त्याच वाटेने परत. सहाही दिवस तीच रेघ, तीही इतकी सरळ की एकीवर एक ओढताना कागद फाटायला आला. अंतर सुमारे ६० किलोमीटर, वेळ दारापासून दारापर्यंत दोन तास.

आईच्या नकाशाला दोन कागद लागले. नमुन्यादाखल बुधवारचा दिवस घेऊ. पहाटे पाचला उठून पाणी, डबे, आजीची आंघोळ हे सारे आवरून आई नऊला दहा कमी असताना घराबाहेर पडली. हातात गव्हाचा डबा होता, तो गिरणीत ठेवला. तिथून शेअर रिक्षाने स्थानक, तिथून कल्याण आणि कल्याण स्थानकापासून चालत कचेरी. दहाच्या ठोक्याला ती पोहोचली. संध्याकाळी सहाला सुटल्यावर आधी कल्याणच्या बाजारात भाजी घेतली, मग गाडी. अंबरनाथला उतरून औषधाच्या दुकानातून आजीच्या गोळ्या, पुढे गिरणीतून पीठ, आणि शेवटी शिकवणीच्या दाराशी धाकट्याला घ्यायला. घरी आली तेव्हा पावणेआठ झाले होते. अंबरनाथहून कल्याण हे तिसरे स्थानक. रेल्वेचे अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर. त्यासाठी आईला त्या दिवशी जाताना एक तास दहा मिनिटे आणि येताना पावणेदोन तास लागले. आठवड्याचे सहा दिवस सहा वेगळ्या आकृत्या झाल्या. कधी वीजबिल, कधी बँक, कधी आजीला दाखवायला दवाखाना. ‘जवळच्या’ नोकरीचा हा प्रवास बाबांच्या प्रवासाहून रोज तासाभराने कमी, एवढेच.

आमच्या सरांनी नकाशे पाहिले आणि आईच्या नकाशावर शेरा मारला : ‘कामाचा प्रवास व घरगुती प्रवास दोन निरनिराळ्या रंगांत दाखवा.’ मी निळी आणि तांबडी पेन्सिल घेऊन बसले आणि अडले. कल्याणहून अंबरनाथला येणारी गाडी निळी, हे ठीक. पण आई ती गाडी पकडते ती सव्वासहाची नव्हे, बाजारामुळे पावणेसातची. स्थानकापासून घरापर्यंतची वाट कुठल्या रंगाने काढायची? ती कचेरीतून घरी येते आहे हेही खरे आणि औषधे आणायला चालली आहे हेही खरे. शेवटी मी दोन्ही रंग एकावर एक दिले. जांभळ्या रेघांनी कागद भरला.

ही अडचण माझ्या एकटीची नव्हती, हे नंतर वाचनात आले. माद्रिदच्या नगररचनेच्या प्राध्यापक इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी नेमके यावरच बोट ठेवले आहे. वाहतुकीच्या पाहण्यांमध्ये ‘काम’ हे एक मोठे सदर असते आणि बाकीचा प्रवास खरेदी, पोहोचवणे-आणणे, भेटीगाठी, वैयक्तिक काम अशा बारीकसारीक सदरांत विखुरलेला असतो. विखुरल्यामुळे तो किरकोळ दिसतो. घर चालवण्यासाठी आणि दुसऱ्याची काळजी घेण्यासाठी केलेला सगळा प्रवास एका सदराखाली आणला, तर तो कामाच्या प्रवासाच्या तोडीचा दिसू लागतो. या सदराला त्यांनी जे नाव दिले, त्याला मराठीत ‘संगोपनाचा प्रवास’ म्हणता येईल.

आपल्याकडची मोजणी कशी होते ते पाहू. जनगणनेत शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक वगळून जे ‘इतर काम करणारे’ उरतात, त्यांना राहत्या घरापासून कामाच्या जागेचे अंतर आणि जाण्याचे साधन विचारतात. २०२१ सालची जनगणना त्या वर्षी झालीच नाही, म्हणून २०११ चे कोष्टक उघडून मी त्यात आईबाबांना बसवून पाहिले. बाबा ‘५१ किलोमीटर व अधिक’ या रकान्यात जातात, आई ‘६ ते १०’ मध्ये. साधन दोघांचेही ‘रेल्वे’. गिरणी, बाजार, औषधे, शिकवणी यांना रकाना नाही, कारण प्रश्नच फक्त घर आणि कामाची जागा या दोन टोकांचा आहे. आणि जिला पगाराचे काम नाही, पण जी दिवसातून चार वेळा घराबाहेर जाऊन येते, तिला तर हा प्रश्न विचारलाच जात नाही. जनगणनेला मी दोष देत नाही. शंभर कोटींहून अधिक माणसे मोजायची म्हणजे प्रश्न थोडकेच हवेत. पण कोष्टक वाचणाराने त्यात काय नाही तेही लक्षात ठेवावे.

आता मूळ प्रश्न. नोकरीचे ठिकाण घराजवळ असण्याकडे बायकांचा कल असतो, हे जगातल्या पुष्कळ शहरांत दिसून आले आहे. असे का व्हावे?

भूगोलाच्या विद्यार्थ्याला यावर टॉर्स्टेन हॅगरस्ट्रँड या स्वीडिश भूगोलतज्ज्ञाचा आधार घेता येतो. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने एक साधी गोष्ट मांडली : माणूस नकाशावर जसा एका जागी असतो तसाच तो घड्याळातही एका जागी असतो, आणि दोन्ही मिळूनच त्याची हालचाल ठरते. दिवसाचे तास चोवीसच. त्यांतून झोप-जेवण काढा. मग ज्या ज्या वेळी, ज्या ज्या जागी दुसऱ्या कुणासाठी हजर असावेच लागते ते क्षण खुंटीसारखे ठोका. नळाला पाणी पहाटे सव्वापाच ते साडेसहा, ही एक खुंटी. शिकवणी साडेसातला सुटते, ही दुसरी. गिरणी साडेआठला बंद होते, ही तिसरी. कचेरीची वेळ ही चौथी. दोन खुंट्यांच्या मध्ये जेवढा वेळ मोकळा राहील तेवढ्यात जाऊन परत येता येईल इतकेच जग त्या माणसाला मोकळे असते. गाय खुंट्याभोवती दाव्याच्या लांबीइतकीच चरते, तसे. बाबांच्या दिवसात खुंट्या दोन, सकाळची गाडी आणि कचेरी. संध्याकाळी सिग्नल बिघडून गाडी तासभर अडली, तर बाबा वैतागतात, पण कुणी दाराशी ताटकळत उभे नसते. आईची गाडी अर्धा तास अडली तर धाकटा शिकवणीच्या पायरीवर बसून राहतो आणि आजीची संध्याकाळची गोळी चुकते.

या खुंट्या कुणाच्या वाट्याला किती येतात, याची मोजदाद आपल्या सरकारने केली आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१९ मध्ये साऱ्या देशात ‘वेळेच्या वापराची पाहणी’ केली. आदल्या दिवशी पहाटे चारपासून चोवीस तासांत प्रत्येक अर्ध्या तासाला कोण काय करत होते, ते विचारून लिहून घेतले. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शंभरांत ८१ जणींनी त्या दिवशी घरकाम केले होते आणि त्यांना सरासरी २९९ मिनिटे लागली होती. पुरुषांत शंभरांपैकी २६ जणांनी केले होते, सरासरी ९७ मिनिटे. इथे एक गोष्ट जपून वाचायला हवी. ही ९७ मिनिटे घरकाम करणाऱ्या पुरुषांची आहेत. न करणारेही धरून सर्व पुरुषांवर वाटणी केली तर ती २५ मिनिटांवर येतात, आणि स्त्रियांची २४३ वर. पुढची पाहणी २०२४ मध्ये झाली. तिच्यात काम करणाऱ्या बायकांची मिनिटे २८९ आणि पुरुषांची ८८ भरली. पाच वर्षांत दोघांचीही थोडी घटली, अंतर मात्र होते तिथेच आहे.

यावर कुणी म्हणेल, की नोकरी जवळची असण्याचे कारण घरकाम नसून पगार आहे. हा आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेत सुझन हॅन्सन आणि इबिपो जॉन्स्टन या दोघींनी बाल्टिमोर शहराची माहिती तपासून १९८५ साली जो निबंध लिहिला, त्यात घरच्या जबाबदाऱ्यांपेक्षा बायकांचा कमी पगार, ठरावीक प्रकारच्या नोकऱ्या आणि बसवरचे अवलंबन यांनाच अधिक महत्त्व मिळाले. विचार केला तर पटतेही. थोड्या पगारासाठी चार तासांची रगड कोण सोसेल? शिवाय शिक्षिका, परिचारिका, दुकानातली विक्रेती या नोकऱ्या प्रत्येक उपनगरात असतात; त्यांसाठी फोर्ट गाठावे लागत नाही.

पण मग पाहायला हवे, की तीच बाई, त्याच शिक्षणाची, आणि घरी मूल आले, तर तिचा प्रवास बदलतो का? ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०१८ साली हेच तपासले. पहिले मूल होण्याआधी नवराबायकोच्या प्रवासातला फरक थोडा असतो. नंतरच्या दहा वर्षांत तो वाढत जातो, कारण आईचा प्रवास आखूड होत जातो. फ्रान्समध्ये सरकारी रोजगार कार्यालयात नाव नोंदवताना प्रत्येक बेकाराला दोन प्रश्न विचारतात : कमीत कमी किती पगार चालेल, आणि जास्तीत जास्त किती लांब जाल? या उत्तरांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की सारख्या पात्रतेच्या बायका कमी अंतर लिहितात आणि कमी पगारही लिहितात. लग्न झालेल्या आणि मुलेबाळे असलेल्या बायकांत हा फरक अधिक. म्हणजे पगार कमी म्हणून जवळची नोकरी, की जवळची हवी म्हणून पगार कमी, हा वाद अंडे आधी की कोंबडी आधी अशा थाटाचा आहे. दोन्ही एकमेकांना पोसतात. जवळच्या नोकऱ्या थोड्या असतात, म्हणून पगारावर घासाघीस करता येत नाही; पगार थोडा, म्हणून घरी कुणी आजारी पडले की रजा तिनेच काढायची हे आपोआप ठरते; रजा वारंवार, म्हणून बढती नाही.

हे वाचत असताना एका रविवारी मी आईला विचारले, “तुला ही जवळची नोकरी मिळाली कशी?”

आई लसूण सोलत होती. म्हणाली, “मिळाली कसली? घेतली.”

मग तिने सांगितले ते मला ठाऊक असायला हवे होते आणि नव्हते. मी चौथीत असेपर्यंत आई फोर्टलाच जात असे, हिशेब विभागात. मला आठवते ते इतकेच, की ती संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या पिशवीत निवडलेली भाजी असायची. धाकटा दोन वर्षांचा होता आणि त्याला आजी सांभाळत असे. त्या पावसाळ्यात आजी मोरीत घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तीन महिने आजी अंथरुणावर. बाळाला कोण बघणार आणि आजीला कोण? आईने आधी रजा काढली, मग बिनपगारी रजा काढली. त्याच सुमारास तिचे वरच्या जागेसाठी नाव लागले होते. ती जागा घेतली असती तर महिनाअखेरीस रात्री आठपर्यंत थांबावे लागणार होते. तिने राजीनामा दिला आणि पुढे वर्षाच्या आत कल्याणला एका लहान कंपनीत लागली, पहिल्या पगाराच्या दोनतृतीयांशावर. “तेव्हा बाबा काय म्हणाले?” मी विचारले. “काय म्हणणार? त्यांचा पगार जास्त होता.” लसणाची साले गोळा करत ती म्हणाली, “आणि खरे सांगू का, कुणी काही म्हणालेच नाही. ठरवायला कुणी बसलेच नव्हते.”

त्या नोकरीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे तिचा डबा. जेवणाचा नव्हे, गाडीचा. मुंबईच्या लोकलमधल्या बायकांच्या डब्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे मी थोडक्यात सांगते. बाहेरचा माणूस त्याला गंमत समजतो : मटार सोलणे, मेथी निवडणे, दसऱ्याला डब्याला हार घालणे, संक्रांतीला धावत्या गाडीत हळदीकुंकू. मला त्यात आता दुसरेही काही दिसते. घरी पोहोचल्यावर जे काम करायचे ते गाडीत सुरू झालेले असते. बाबांना गाडीत डुलकी काढता येते, तो वेळ आईने गवारीच्या शेंगा मोडण्यात घालवला. तरीही तिला त्या डब्याची आठवण येते. संध्याकाळी ठाण्यापर्यंत उभे राहायचे, मग कुणीतरी सरकून चौथी सीट द्यायची. कुणाच्या सासूचा दवाखाना, कुणाच्या मुलीचे स्थळ, कुणाला कर्ज हवे, सगळे तिथेच. “चौदा वर्षांच्या मैत्रिणी होत्या,” आई म्हणाली. कल्याणच्या तीन स्थानकांत कुणाशी ओळख होण्याआधीच उतरायचे येते.

मुंबईने या बाबतीत बायकांना काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रेल्वेचा पास स्वस्त, गाडीला वेग, बायकांना वेगळे डबे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठीची गाडी पश्चिम रेल्वेने सुरू केली आणि मध्य रेल्वेवरही तशा गाड्या धावू लागल्या. इथल्या बायका लांबच्या नोकऱ्या करू शकल्या त्या मुख्यतः या रुळांमुळे. परंतु रूळ म्हणजे सरळ रेघ. जिचा प्रवास सरळ रेघेत आहे तिला पास परवडतो. आईचा प्रवास तुकड्यांचा. घरापासून गिरणी, गिरणीपासून स्थानक, स्थानकापासून शिकवणी. प्रत्येक तुकड्याला शेअर रिक्षाचे वेगळे पैसे, नाहीतर पायपीट. मी आठवड्याचा हिशेब केला तेव्हा किलोमीटरमागे आईचा खर्च बाबांच्या कितीतरी पट निघाला. २०२३ च्या मार्चपासून महाराष्ट्रात एसटीचे अर्धे तिकीट बायकांना मिळते, त्याचा आमच्या मावशीला गावाकडे फार उपयोग होतो; आमच्या रिक्षाला मात्र एसटीचा नियम लागू नाही.

शिवाय घरात वाहन असले तरी ते कुणाचे? बृहन्मुंबईत २००४ साली आणि पुन्हा २०१९ साली जागतिक बँकेसाठी घरोघर पाहणी झाली. मधल्या पंधरा वर्षांत कामावर जाणारे पुरुष दुचाकीकडे वळले आणि बायका रिक्षा-टॅक्सीकडे, असे तीत दिसून आले. वाचले तेव्हा मला आमची स्कूटर आठवली. सकाळी सातला बाबा ती स्थानकापर्यंत नेतात, दीड किलोमीटर, आणि मग ती तेरा तास पैसे भरून पार्किंगमध्ये उभी असते. पिठाचा डबा घेऊन आई त्याच पार्किंगवरून चालत येते. हे आम्हा कुणाला कधी विचित्र वाटले नव्हते. आईला स्कूटर चालवता येत नाही, हे कारण पुढे करता येईल. तिला कुणी शिकवलीच नाही, हे त्यापुढचे.

बाबांविषयी वाचकांचा गैरसमज होऊ नये. फास्ट गाडीच्या दारात एका पायावर लटकत दोन तास काढणे ही चैन नव्हे. गुडघे दुखतात म्हणून बाबा आताशा बसूनच पूजा करतात. आमच्याशी गप्पा मारायला त्यांच्याजवळ रविवारच असतो. मुंबईचे डबेवाले १८९० च्या सुमारापासून घरचे जेवण कचेरीत पोहोचवू लागले, कारण चाकरमान्याला पहाटे निघावे लागे आणि स्वयंपाक मागाहून होई. पुरुषाने लांब जावे आणि घराने त्याच्या पाठीमागे उभे राहावे, ही व्यवस्था इतकी जुनी आहे की बाबांनी ती निवडली असे म्हणता येत नाही. फक्त आता आईही नोकरीला जाते; तिच्या पाठीमागे कोण उभे आहे, एवढा प्रश्न राहतो.

आणि मी? मी या महाविद्यालयात का आले, हे इतके सगळे लिहिल्यावर सांगणे भाग आहे. दादा बारावीनंतर अभियांत्रिकीसाठी मुंबईला जाऊ लागला; रोजचे तीन तास जातात, त्याची चर्चा घरात झाली नाही. माझ्या वेळी झाली. इतक्या लांब, परतायला अंधार, गर्दी, ही एक बाजू. ती भीती खोटी नाही. दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थिनींचा अभ्यास करून गिरिजा बोरकर यांनी दाखवले आहे, की रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली गुणवत्तेत खालचे महाविद्यालय पत्करतात. मुलांना ही तडजोड तेवढी करावी लागत नाही. पण आमच्या घरी दुसरीही बाजू होती. आजी आता वॉकर धरून चालते. तिला दुपारी दीडला जेवण आणि गोळ्या द्यायला कुणीतरी हवे, आणि हे महाविद्यालय एकला सुटते. मी हो म्हटले. इथे मला चांगले शिक्षक मिळाले, हा नकाशा काढायची बुद्धी मिळाली, तेव्हा तक्रार कसली करू? तरीपण प्रात्यक्षिकात तिसरी व्यक्ती घ्यायची असती तर माझाही नकाशा जांभळ्या पेन्सिलीनेच काढावा लागला असता.

दुरुस्त केलेला नकाशा मी एका रात्री जेवणानंतर बाबांसमोर ठेवला. ते बराच वेळ पाहत राहिले. आधी वाटले, ते अंतरे तपासताहेत. मग त्यांनी गिरणीवर बोट ठेवले. “हा डबा मी आणला असता,” ते म्हणाले, “पण गिरणी साडेआठला बंद होते, मला घरी यायलाच आठ होतात. हातपाय धुवून परत निघायचे म्हणजे...”

आई आतून म्हणाली, “रविवारी सकाळी उघडी असते.”

त्या रविवारपासून दळण बाबा आणतात. पहिल्या खेपेला ज्वारी बारीक दळून आणली, तिच्या भाकरीच थापल्या जाईनात. आईने गिरणीवाल्याला काय सांगायचे ते त्यांना लिहून दिले. आईच्या बुधवारातली एक खुंटी निघाली. बाजार, औषधे, शिकवणी आहेतच.

जूनमध्ये मला एम. ए. चा अर्ज भरायचा आहे. विद्यापीठाचा भूगोल विभाग कालिन्याला आहे. अंबरनाथहून कुर्ला आणि तिथून रिक्षा किंवा बस, जायला दीड-दोन तास धरावे लागतील. दुपारी दीडला आजीजवळ कोण, याचे उत्तर अजून निघालेले नाही. या खेपेला मात्र ते ठरवायला आम्ही सगळे बसणार आहोत. दादालाही रविवारी थांबायला सांगितले आहे.